आधी मजकूर, मग फॉन्ट: मराठी डिझाइनसाठी अक्षरं कशी निवडायची आणि कशी वापरायची

लग्नपत्रिका असो, दुकानाची पाटी असो, दिवाळी अंकाचं पान असो नाहीतर इन्स्टाची पोस्ट, काम हातात आलं की बहुतेक जण आधी फॉन्टची यादी उघडतात, नावं बघत खाली खाली जातात आणि एखादा डोळ्यात भरला की तोच लावून मोकळे होतात. यादीत फॉन्टचं नाव नाहीतर ‘मराठी’ एवढा एकच शब्द दिसतो आणि तो शब्द जवळपास कुठल्याही फॉन्टमधे बरा दिसतो. खरा मजकूर पडला की मग कळतं की ‘दुसऱ्या’ फुटलंय, ‘उद्घाटन’ गिचमिड झालंय आणि फोन नंबरचे आकडे भलत्याच वळणाचे आलेत. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की फॉन्ट मजकुरावरून निवडा. पूर्ण मजकूर आधी टाईप करा, शुद्धलेखन तपासून घ्या, ज्या आकारात छापला जाणार त्या आकारात ठेवा आणि मग त्यावर तीन-चार फॉन्ट लावून बघा.

मजकूर समोर आला की त्याला काही प्रश्न विचारायचे. सगळ्यात लांब शब्द कुठला? मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते, त्यामुळे ‘महानगरपालिकेच्या’सारखे शब्द सहज तयार होतात आणि असा एक शब्द अख्ख्या पोस्टरची रुंदी ठरवतो. इंग्रजी किती मिसळलंय? आकडे आहेत का, असतील तर मराठी की इंग्रजी? कोण वाचणार, किती लांबून, कागदावर की मोबाईलवर? या उत्तरांनी निम्मे फॉन्ट आपोआप बाद होतात, आणि उरलेल्यांतून निवडणं खूप सोपं जातं.

फॉन्टमधे देवनागरी आहे तरी का?

हे फार साधं वाटेल पण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कॅनव्हामधे किंवा वेबसाइटवर मॉन्टसेरात, रोबोटो, ओपन सान्स असा एखादा फॉन्ट निवडून मराठी टाईप केलं तरी मराठी दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं की चालतंय. या फॉन्टमधे देवनागरी अक्षरंच नाहीत, सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच कुठलातरी फॉन्ट लावतं. तुमच्या लॅपटॉपवर एक दिसतं, क्लायंटच्या फोनवर दुसरं आणि प्रेसमधे तिसरंच. बोल्ड केलं की इंग्रजी बोल्ड होतं आणि मराठी फुगल्यासारखं दिसतं, कारण त्या पर्यायी फॉन्टला बरेचदा खरा बोल्ड नसतो. ओळखायची सोपी युक्ती अशी की तीन वेगवेगळे फॉन्ट लावून बघायचे, मराठी मजकूर तिन्हीत हुबेहूब तसाच राहिला तर समजायचं की तुमचा फॉन्ट लागलेलाच नाही. गूगल फॉन्ट्सवर भाषेच्या फिल्टरमधे देवनागरी निवडलं की खरोखर देवनागरी असलेलेच फॉन्ट दिसतात, तिथून सुरुवात करणं बरं. वर्डमधे अजून एक भानगड आहे, देवनागरीसाठी ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ म्हणून वेगळा फॉन्ट ठरवावा लागतो, नेहमीच्या खिडकीतून कधीकधी फक्त इंग्रजीचा बदलतो आणि लोक म्हणतात फॉन्ट बदलतच नाहीये.

मराठी वळण

देवनागरी आहे म्हणजे मराठी आहे असं नाही, आणि मला सगळ्यात जास्त आस्था आहे ती याच गोष्टीची. आपला ल दोन पाकळ्यांचा, हिंदी वळणाचा ल उजवीकडे उभ्या काठीचा. आपला श सुद्धा वेगळा. शाळेत आपण पाकळीचा ल गिरवलेला असतो आणि आजूबाजूच्या पाट्यांवर, पोस्टवर, अगदी मराठी शाळांच्या फ्लेक्सवर सुद्धा काठीचा ल दिसतो, कारण बहुतेक फॉन्टमधे तोच आधी येतो. नोव्हेंबर २०२२ मधे राज्य सरकारने मराठी वर्णमालेबद्दल जो शासन निर्णय काढला त्यातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायला सांगितलंय. म्हणजे सरकारी किंवा शैक्षणिक काम करत असाल तर हा आवडीनिवडीचा विषय राहत नाही.

चांगली बातमी ही की बऱ्याच चांगल्या फॉन्टमधे मराठी वळणाची अक्षरं आत भरलेली असतात, फक्त ती आपणहून येत नाहीत, मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगावं लागतं. इनडिझाइनमधे मजकूर निवडून कॅरेक्टर पॅनलमधे भाषा मराठी करा, वेबपेजवर कोडमधे भाषेच्या जागी मराठीचा कोड टाका. नोटो सान्स देवनागरीमधे हे केलं की ल आणि श लगेच बदलतात. एवढी खटपट नको असेल तर टिरो देवनागरी मराठी नावाचा फॉन्ट आहे, त्यात मराठी वळण मुळातच आहे. टिरोचेच हिंदी आणि संस्कृत असेही वेगळे फॉन्ट आहेत, डाऊनलोड करताना नाव नीट वाचून मराठीच घ्या.

मग येतो अर्धा र. ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यातला तो छोटा आडवा र मराठीला रोज लागतो, आणि हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टमधे तो कधी नसतोच तर कधी इतका बारीक असतो की छापल्यावर दिसेनासा होतो. ‘ॲप’, ‘ॲड’, ‘बँक’, ‘ऑफिस’ यांचे चंद्र बघा. ॲ हे अक्षर युनिकोडमधे, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच समजणाऱ्या अक्षरांच्या यादीत, २००८ मधे आलं, त्याआधीच्या फॉन्टमधे त्या जागी रिकामा चौकोन येतो. ळ चं पोट नीट मोकळं आहे का तेही बघा. आकड्यांमधे ५, ८ आणि ९ यांची वळणं मराठीत आणि उत्तरेकडे वेगवेगळी चालतात, आपल्या वाचकाला आपलं वळण पटकन वाचता येतं, आणि फोन नंबरमधे एक आकडा चुकीचा वाचला गेला तर सगळी जाहिरात वाया.

रुपयाचं चिन्ह २०१० मधे आलं, म्हणजे जुन्या फॉन्टमधे ते मिळणार नाही. दरपत्रक, मेन्यू कार्ड करत असाल तर हे पहिल्यांदा तपासा.

चाचणीची ओळ तयार ठेवा

कुठलाही नवीन फॉन्ट आला की एकच ठरलेली ओळ त्यात टाकून बघायची सवय लावा. ही घ्या, कॉपी करून ठेवा: ‘दुसऱ्या वऱ्हाडाच्या स्वागताला लक्ष्मी, कृष्णा, श्रद्धा आणि ज्ञानेश्वर, उद्घाटन, वाङ्मय, राष्ट्रीय, ब्राह्मी, हृदय, शिर्डी, गर्दीत, रुपये, रूप, ऑफिस, ॲप, ठळक, स्थिती, रिकामा, १२३४५६७८९०’.

यात बघायचं काय? पहिली वेलांटी अक्षराच्या रुंदीप्रमाणे ताणली जाते का, ‘स्थि’ वर आणि ‘रि’ वर एकाच मापाची टोपी बसवली असेल तर तो फॉन्ट लांब मजकुराला घेऊ नका. ‘शिर्डी’ आणि ‘गर्दीत’ मधे रफार आणि दुसरी वेलांटी एकमेकांत घुसतात का. ‘द्ध’, ‘द्घ’, ‘ङ्म’ अशी जोडाक्षरं एकसंध येतात की हलन्त देऊन पाय मोडून ठेवलीत. हलन्त देऊन लिहिणं चूक नाही, पण लग्नपत्रिकेत ‘श्रद्धा’चं नाव पाय मोडून छापलं तर घरच्यांना आवडणार नाही. ‘रु’ आणि ‘रू’ मधला फरक लहान आकारात कळतो का. ‘ब्राह्मी’ मधला ह्म ओळखू येतो का. चाचणीची ओळ आधी मोठी बघा आणि मग जितक्या लहान आकारात वापरणार तितकी करून प्रिंट काढा. स्क्रीनवर झूम करून बघण्यात काही अर्थ नाही.

कुठल्या कामाला काय

सतत वाचायचा मजकूर असेल, म्हणजे पुस्तक, अहवाल, अंकातला लेख, तर अक्षर असं हवं की तीन पानं झाली तरी वाचणाऱ्याचं त्याच्याकडे लक्ष जाऊ नये. इथे मला पारंपरिक, जाड-बारीक रेषांचं वळणच आवडतं. मुंबईत १८६९ मधे सुरू झालेल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी टाईपचं जे वळण रूढ केलं तेच आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोळ्यात बसलंय, पोथ्या, पंचांगं, जुने कोश सगळं त्याच घराण्यातलं. आज युनिकोडमधे त्या जवळचं हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा बघा, आणि त्याच यशोमुद्रावर आधारून आयआयटी मुंबईत केलेला शोभिका बघा, त्यात संस्कृतची अवघड जोडाक्षरं भरपूर आहेत त्यामुळे स्तोत्रं, श्लोक, संशोधनाचं काम असेल तर तो फारच उपयोगी. थोडं आधुनिक पण दणकट हवं असेल तर एक्झार आहे. पुस्तकासाठी साधारण १२ ते १४ पॉइंट धरा, लहान मुलांसाठी १८ च्या पुढे, पण आकड्यावर विश्वास ठेवू नका कारण एकाच १४ पॉइंटला दोन फॉन्टमधलं अक्षर लहानमोठं दिसतं. दोन फॉन्टची तुलना करायची तर ‘क’ शेजारी शेजारी ठेवून शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची जुळवा आणि मग बोला.

मोबाईल, वेबसाइट, फॉर्म, माहितीपत्रक इथे सारख्या जाडीच्या रेषांचे सुटसुटीत फॉन्ट चांगले. मुंबईच्या एक टाईप या गटाचा मुक्ता माझा पहिला पर्याय, त्यात अगदी बारीकपासून एकदम जाडपर्यंत सात वजनं आहेत त्यामुळे शीर्षक, उपशीर्षक, मजकूर, तळटीप सगळं एकाच कुटुंबात होतं. इंडियन टाईप फाउंड्रीचा हिंद सुद्धा असाच. पॉपिन्स हल्ली सगळीकडे दिसतो, गोल गोल भौमितिक वळण, शीर्षकाला छान, पण पान भरून मजकूर त्यात लावला की डोळे थकतात असं माझं मत. नोटो सान्स देवनागरीला फारसं व्यक्तिमत्त्व नाही पण तो कुठेही मोडत नाही, जिथे खात्री हवी तिथे तो घ्या.

जागा कमी आणि शब्द लांब अशी वेळ आली की बरेच जण फॉन्टला आडवं दाबून बारीक करतात. हे करू नका. दाबलं की उभ्या रेषा बारीक होतात, शिरोरेषा तेवढीच जाड राहते आणि अक्षर डोक्यावर ओझं घेतल्यासारखं दिसतं. मुळातच अरुंद काढलेले फॉन्ट मिळतात, तेको, खंड, किंवा एक टाईपचा अनेक, ज्यात जाडी आणि रुंदी दोन्ही कमीजास्त करता येतात. बातम्यांच्या पट्ट्या, क्रिकेटचं स्कोअरकार्ड, मॅरेथॉनचं पोस्टर, अशा कामांना हेच लागतात.

सजावटीचे फॉन्ट म्हणजे मसाला, एका कामात एकच घाला आणि तोही शीर्षकापुरता. मोदक हा फॉन्ट इतका जाड आहे की अक्षरातल्या फटी जेमतेम उरतात, मुलांच्या कार्यक्रमाला, खाऊच्या पाकिटाला मस्त, पण दोन शब्दांच्या पुढे नको. बलू गोलसर आणि गोड, आणि त्याची वजनं बरीच असल्याने तो उपशीर्षकालाही चालतो. यात्रा वन हा मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय, मुंबईशी नातं सांगणारं काही करत असाल तर तो शोभतो. कलम हस्ताक्षरासारखा. रोझा वन जाड-बारीक रेषांच्या टोकाच्या फरकाचा, मासिकाच्या मुखपृष्ठाला भारी, पण लहान आकारात त्याच्या बारीक रेषा गायब होतात.

लग्नपत्रिकेत झोकदार, शेपट्या असलेला कॅलिग्राफीचा फॉन्ट सगळ्यांना हवा असतो, वापरा ना, पण फक्त वधूवरांच्या नावाला. मुहूर्त, तारीख, कार्यालयाचा पत्ता साध्या फॉन्टमधे ठेवा, कारण पत्रिका सगळ्यात जास्त लक्ष देऊन वाचतात ती घरातली वयस्कर माणसं आणि त्यांना तेच वाचायचं असतं. सोनेरी फॉइल मारणार असाल तर अगदी बारीक रेषा नकोत, त्यांच्यावर फॉइल धरत नाही, आणि अगदी लहान फटी भरून जातात. आणखी दोन गोष्टी, ‘नमः’ मधला विसर्ग विसर्गानेच टाईप करा, इंग्रजी कोलनने नको, आणि श्री गणेशाय नमःच्या दोन्ही बाजूंचे दंड सुद्धा खरे देवनागरी दंड घ्या, कीबोर्डवरची उभी रेघ नको. बारीक बाब आहे, पण पत्रिकेच्या पहिल्याच ओळीत असते.

आणि एखाद्या दुकानाचं, संस्थेचं, नाटकाचं नाव असेल, जे वर्षानुवर्षं राहणार आहे, तर फॉन्ट शोधण्यापेक्षा अक्षरं काढून घ्या. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं ज्या पद्धतीने काढली, प्रत्येक नाटकाच्या स्वभावाप्रमाणे वेगळं नाव, ती आजही जुन्या जाहिरातींत बघितली की कळतं की नाव नुसतं वाचलं जात नाही, ते आधी दिसतं. चार-पाच अक्षरांचं काम एखाद्या सुलेखनकाराकडून करून घेण्याचा खर्च वाटतो तेवढा मोठा नसतो.

एका डिझाइनमधे दोन फॉन्ट पुरेसे. एक मजकुराला, एक शीर्षकाला, बरेचदा एकाच कुटुंबाची दोन वजनं घेतली तरी भागतं. दोन घ्यायचे तर ते स्पष्ट वेगळे हवेत, मुक्ता आणि हिंद एकत्र लावले तर वाचणाऱ्याला फरक कळत नाही, फक्त काहीतरी बिनसलंय एवढं जाणवतं.

वापरताना

शिरोरेषा सांभाळा. इंग्रजीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शीर्षक रुबाबदार दिसतं, तीच युक्ती मराठीवर केली की शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांत तुटते आणि शब्दाचा शब्द राहत नाही. हे अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, शून्यावर ठेवा, हवा पाहिजे असेल तर शब्दांमधे आणि ओळींमधे द्या. अंतर कमी केलं तर अक्षरं एकमेकांवर चढतात, तेही नको.

दुसरा प्रकार आऊटलाइनचा. मजकुराला बाहेरून रंगीत कडा दिली किंवा अर्धपारदर्शक केलं की जिथे दोन अक्षरांच्या शिरोरेषा जुळतात तिथे सांधे दिसायला लागतात, गणपतीच्या फ्लेक्सवर हे हमखास बघायला मिळतं. उपाय सोपा, मजकूर अंतिम झाला की त्याचे कर्व्ह करा, म्हणजे टाईप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करा, इलस्ट्रेटरमधे पाथफाइंडरचं युनाइट किंवा कोरलमधे वेल्ड करा आणि मग कडा द्या. मूळ टाईप केलेली फाईल मात्र वेगळी सेव्ह करून ठेवा, कारण कार्यकर्त्याचं नाव शेवटच्या क्षणी बदलतंच.

मराठीत कॅपिटल अक्षरं नाहीत आणि तिरपं अक्षर आपल्या परंपरेत नाही. त्यामुळे एखादा शब्द उठून दिसायला हवा असेल तर वजन, आकार, रंग किंवा जागा यातलं एक वापरा. सॉफ्टवेअरचं तिरपं करायचं बटण देवनागरीला दाबलं की काना आणि वेलांट्या कलंडतात आणि शिरोरेषा तशीच आडवी राहते, डोळ्याला ते खटकतं. फॉन्टला खरा बोल्ड नसताना बोल्डचं बटण दाबलं की ‘क्ष्म’, ‘द्ध’, ‘ठ्ठ’ यांच्या फटी बुजतात. गडद रंगावर पांढरी अक्षरं छापायची असतील तर शाई पसरून बारीक रेषा आणखी बारीक होतात, तेव्हा एक वजन जाड घ्या.

ओळींमधलं अंतर हा विषय मला सगळ्यांच्या गळी उतरवायचाय. इंग्रजीला साधारण अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, चालतं आणि सॉफ्टवेअर तेवढंच आपोआप देतं. मराठीत वर मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांची शेपटं, त्यामुळे तेवढ्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. १४० ते १६० टक्क्यांपासून सुरुवात करा, फॉन्ट बघून कमीजास्त करा. तपासायला वरच्या ओळीत ‘पुत्र, तृप्ती, मूर्ख, टुमदार’ आणि खालच्या ओळीत ‘सर्वांना, मूर्तीं, कॅमेरा, चौकोन’ ठेवा, बरोबर एकाखाली एक येतील असे, आणि बघा काही चिकटतंय का. शीर्षकात दोन ओळींत खाली उकारच नसतील तर अंतर कमी करायलाही हरकत नाही, तिथे डोळा सांगेल ते ऐका.

दोन्ही बाजूंनी सरळ केलेला मजकूर रुंद पानावर चांगला दिसतो, पण अरुंद रकान्यात मराठीचे लांब शब्द बसत नाहीत आणि मधे मोठमोठी भोकं पडतात. तिथे डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळं सोडा. कविता, आमंत्रण सोडून मध्यभागी लावलेला मजकूर चार ओळींपेक्षा जास्त नको.

लांबून वाचायच्या गोष्टींसाठी एक ढोबळ हिशोब आहे, दर १० फुटांना १ इंच उंचीचं अक्षर. म्हणजे ६० फुटांवरून वाचायचं असेल तर ६ इंच. हा हिशोब इंग्रजी अक्षरांवरून आलाय, मराठीत ही उंची शिरोरेषेपासून पायापर्यंतच मोजा, वेलांटी-उकार धरून मोजली तर अक्षर प्रत्यक्षात बरंच लहान निघतं. रस्त्यावर गाडीतून जाणाऱ्याला वाचायचं असेल तर आकार अजून वाढवा आणि मजकूर निम्म्यावर आणा.

इंग्रजी शेजारी आलं की

आपल्या बहुतेक कामात दोन्ही लिप्या असतात, आणि दोन्हीला एकच पॉइंट साइज दिली की बहुतेक वेळा इंग्रजी मोठं आणि मराठी दबलेलं दिसतं. मराठी अक्षराची शिरोरेषा इंग्रजीच्या स्मॉल अक्षरांपेक्षा वर आणि कॅपिटलपेक्षा थोडी खाली आली की जोडी बरी बसते. दोन वेगळे फॉन्ट असतील तर इंग्रजी १० ते १५ टक्के लहान करून बघा. मुक्ता, हिंद, पॉपिन्स, बलू, एक्झार यात दोन्ही लिप्या एकत्र विचार करून काढलेल्या असल्याने हा खटाटोप वाचतो. वेगळे घ्यायचे असतील तर रेषेचा स्वभाव जुळवा, जाड-बारीक देवनागरीला सेरिफ, म्हणजे टोकांना छोट्या रेघा असलेलं इंग्रजी आणि एकसारख्या रेषेच्या देवनागरीला सान्स, म्हणजे त्या रेघा नसलेलं. आणि महाराष्ट्रातल्या दुकानाची पाटी असेल तर मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान असून चालत नाही, तसा राज्याचा कायदाच आहे, तेव्हा डिझाइन करतानाच मराठीला मुख्य जागा द्या.

सॉफ्टवेअरची सेटिंग

वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली, हलन्त उघडे दिसले, तर आधी फॉन्टला दोष देऊ नका. फोटोशॉपमधे प्रेफरन्सेसच्या टाईप विभागात वर्ल्ड-रेडी लेआऊट चालू करा, जुन्या व्हर्जनमधे तिथेच मिडल ईस्टर्न अँड साऊथ एशियन असा पर्याय मिळेल. इलस्ट्रेटरमधे टाईपच्या प्रेफरन्सेसमधे इंडिक ऑप्शन्स दाखवा असं टिक करा आणि पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून साऊथ एशियन कंपोझर निवडा. इनडिझाइनमधे पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर.

श्रीलिपी, आयएसएम अशा मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट अजूनही अनेक डीटीपीवाल्यांकडे आहेत, त्यात वळणांची विविधता आहे आणि एका अख्ख्या पिढीचं काम त्यावर झालंय. अडचण अशी की त्यातल्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधे टाईप केलेला मजकूर खरं तर मराठी म्हणून साठवलाच जात नाही, फॉन्ट काढला की इंग्रजी चिन्हांचा कचरा उरतो, पीडीएफमधे शोधता येत नाही, वेबसाइटवर टाकता येत नाही. नवीन काम युनिकोडमधेच करा. जुना मजकूर कन्व्हर्टरने बदलून घेतलात तर अर्धा र, रफार आणि जोडाक्षरं डोळ्याखालून घाला, कन्व्हर्टर नेमका तिथेच गडबड करतो. एकेकाळी विंडोजबरोबर आपोआप येणारा मंगल अक्षरकार आर. के. जोशींनी केला, स्क्रीनवर मराठी-हिंदी दिसायला लागली त्यात त्याचा मोठा वाटा आहे, पण तो संगणकाच्या पडद्यासाठी आहे, पाटी आणि पत्रिकेला त्याच्यापेक्षा योग्य पर्याय आज फुकट मिळतात.

फुकट म्हणजे काय तेही बघा. गूगल फॉन्ट्सवरचे वर सांगितलेले फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, व्यवसायासाठी, लोगोसाठी, छापण्यासाठी चालतात, नुसता फॉन्टच विकायला मनाई आहे. इकडून-तिकडून फॉरवर्ड होऊन आलेल्या फॉन्टच्या झिप फाईलचं मात्र तसं नसतं, त्यातले कित्येक विकतचे किंवा फक्त वैयक्तिक वापराचे असतात. क्लायंटचं काम असेल तर परवान्याची फाईल कामाच्या फोल्डरमधेच ठेवा.

प्रेसला फाईल पाठवताना फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फाईलच्या आतच बसवलेली पीडीएफ द्या किंवा कर्व्ह करून द्या. काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा, चार रंगांचा मिळून केलेला काळा असेल आणि प्लेट केसभर जरी सरकली तरी लहान अक्षरांच्या कडांना रंगीत सावली येते. कर्व्ह केल्यानंतर पुन्हा एकदा सगळं वाचा, विशेषतः ल, श, अर्धा र आणि फोन नंबर, कारण कर्व्ह दुसऱ्या मशीनवर केले असतील आणि तिथे भाषेची सेटिंग मराठी नसेल तर पाकळीचा ल परत काठीचा होऊन बसलेला असतो.